इंजेक्टरची सफाई : कोणती, केव्हा आणि कशी?



जीप, पिकअप, मोटारसायकल आज खेड्यापाड्यांतूनही दिसते. गाडी सकाळी सुरू व्हायला वेळ घेऊ लागली, उभ्या उभ्या थरथरू लागली, ॲव्हरेज पडला, की मिस्त्री सांगतो, "इंजेक्टर साफ करावे लागतील." पण साफ करणार कसे, हे विचारा, उत्तर गॅरेजागणिक निराळे मिळेल. कोणी टाकीत औषधाची बाटली ओततो, कोणी इंजिनाला डबा जोडतो, कोणी इंजेक्टर काढूनच घेतो. या तीन रीतींत फरक काय आणि आपला पैसा कोणत्या रीतीवर घालावा, एवढेच आज पाहू या.

पूर्वी पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करण्याचे काम कार्ब्युरेटर करी. आपल्याकडे मोटारींतून तो २००० सालाच्या सुमारास मागे पडू लागला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतही इंजेक्टर आला. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी बारीक झडप. फवारणीच्या पंपाचे नोझल डोळ्यांपुढे आणा. नोझल स्वच्छ असले तर फवारा धुक्यासारखा पडतो. कचरा अडकला की त्याची धार होते. इंजिनातही तेच घडते. बारीक थेंबांची वाफ चटकन होते आणि पेट्रोल पुरते जळते. धार पुरती जळत नाही. पैसा धुराड्यातून निघून जातो.

हा मळ येतो कोठून? तापलेले इंजिन बंद केले, की इंजेक्टरच्या टोकाशी राहिलेले थोडेसे पेट्रोल उडून जाते आणि मागे राळेसारखा चिकट थर राहतो. म्हणून थोडे अंतर जाऊन वरचेवर थांबणाऱ्या गाडीला हा त्रास अधिक.

पहिली रीत बाटलीची. हे औषध पेट्रोलबरोबर वाहत जाऊन थर हळूहळू सैल करते. त्यात पॉलिइथर अमाइन हे द्रव्य असेल तर गुण चांगला येतो. खर्च थोडा, काही उघडावे लागत नाही. पण थर पातळ असला तरच हे चालते, आणि एखादी टाकी संपेपर्यंत धीर धरावा लागतो.

दुसरी रीत डब्याची. गाडीचा पेट्रोलपंप बंद करून, तीव्र द्रावणाचा डबा इंधनाच्या नळीला जोडतात आणि इंजिन काही वेळ त्यावरच चालवतात. बाटलीपेक्षा हे जोरकस. उणीव अशी, की कोणता इंजेक्टर किती साफ झाला, हे दिसत नाही. शिवाय द्रावण ज्वालाग्राही. नळीचा जोड गळला तर आगीचे भय.

तिसऱ्या रीतीत इंजेक्टर काढून द्रवात बुडवतात आणि त्या द्रवातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक कंपने सोडतात. असंख्य सूक्ष्म बुडबुडे होतात, फुटतात आणि मळ उखडतात. आधी आणि नंतर प्रत्येक इंजेक्टरचा फवारा काचेच्या नळीत मोजतात. चार नळ्यांत द्रव सारख्या उंचीवर आला, की काम झाले. मजुरी अधिक पडते, पण पुरावा डोळ्यांसमोर असतो.

मग निवड कशी करावी? आधी दुखणे ओळखावे. थरथर आणि घटलेला ॲव्हरेज हे खराब प्लगमुळे, तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे किंवा थकलेल्या पेट्रोलपंपामुळेही होतात. इंजेक्टरची आतली गुंडाळी जळाली असेल, तर कोणतीही सफाई व्यर्थ. ही तपासणी करून, त्रास नवा व थोडा असेल तर बाटली; तेवढ्याने भागले नाही तर मापून करायची तिसरी रीत. मधली रीत इंजेक्टर काढणे फार अवघड असेल तेव्हा.

काही गोष्टी मात्र करू नयेत. छिद्रात तार घालू नये. छिद्र मोठे झाले की इंजेक्टर कामातून गेला. तो उघडण्यासाठी बॅटरी थेट जोडून धरू नये, गुंडाळी जळते.

डिझेलची गोष्ट वेगळी. पेट्रोलच्या साध्या इंजेक्टरात दाब सुमारे ३ ते ४ बार. नव्या डिझेल गाडीत तो दीड-दोन हजार बारपर्यंत चढतो. तिथली सूक्ष्म धार कातडीतून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून गळती हाताने चाचपू नका; आणि असे घडलेच, तर दुखत नसले तरी तडक दवाखाना गाठा. हे इंजेक्टर जाणत्या कारागिरानेच काढावेत. आपण डिझेल स्वच्छ डब्यातून भरावे, फिल्टर वेळेवर बदलावा, त्यात साठलेले पाणी काढून टाकावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. औषध कधीही न भरलेल्या नव्या पंपात पाणी घ्या. नोझलमधून एकदा धुके, एकदा धार कोरड्या फळ्यावर सोडा. कोणते पाणी आधी सुकते, ते मुलांनाच पाहू द्या.

आणि गाडीमालकांनो, मिस्त्रीला पैसे देण्यापूर्वी एकच विचारा : "आधी किती होते आणि आता किती आहे, ते दाखवाल का?" जो मापून दाखवतो, त्याच्या हाती गाडी खुशाल द्यावी.