ताजं अंडं आणि हट्टी साल

वडीगोद्रीसारख्या हमरस्त्यावरच्या गावात अंडी दोन वाटांनी येतात. पोल्ट्रीची ट्रेमधून, दुकानात. गावरान शेजारच्या वस्तीवरून, नुकतीच डालग्यातून काढलेली. गावरानाला दाम जास्त आणि मानही जास्त. पण उकडून सोलायला बसलं की हेच ताजं अंडं अडून बसतं, सालीबरोबर पांढऱ्याचे लचके निघतात. यात कोंबडीचा काही दोष नाही, दोष ताजेपणाचा.

नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. कवचाच्या बारीक छिद्रांतून तो हळूहळू उडून जातो, पांढरा भाग जास्त अल्कधर्मी होतो आणि मग आतला पापुद्रा त्याला तितकासा चिकटत नाही. पोल्ट्रीचं अंडं आपल्यापर्यंत येईस्तोवर काही दिवस उलटलेले असतात, म्हणून ते मुकाट सुटतं. तेव्हा गावरान अंडी चार-सहा दिवस ठेवा, उन्हाळ्यात फ्रिजमध्येच. आजचं अंडं आजच खायचं असेल, तर सरळ पोळा करा.

आता पाणी. गार पाण्यात अंडी घालून पातेलं गॅसवर चढवायची आपली रीत. त्यात पांढरा भाग सावकाश तापतो आणि पापुद्र्याला धरून बसतो. त्यापेक्षा पाणी आधी उकळू द्या, मग झाऱ्यानं अंडी अलगद सोडा. फ्रिजमधली असतील तर थोडी आधी बाहेर काढा, नाहीतर तडकतील. पाण्यात मीठ घातल्यानं साल सुटते, हे मला काही पटत नाही. तडा गेलाच तर बाहेर येणारा पांढरा लवकर गोठतो, एवढा मिठाचा उपयोग.

आच मात्र कमी करा. पांढरा भाग 62 अंशांच्या आसपास गोठू लागतो, बलक 70 च्या आसपास घट्ट होतो. रटरट उकळून फक्त अंडी आपटतात. पोल्ट्रीच्या अंड्याला 11-12 मिनिटं, लहान गावरानाला 9-10. गॅसवर विसरलात, तर बलकाभोवती हिरवट कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ते होतं. खायला अपाय नाही, पण वास येतो आणि बलक भुसभुशीत लागतो.

वेळ झाली की लगेच माठातल्या गार पाण्यात टाका, पाणी एकदा बदला. सोलताना बोथट टोकाकडून सुरुवात करा. तिथं हवेची पोकळी असते, बोट पापुद्र्याखाली जातं. डब्यात द्यायची असतील तर सालीसकट द्या, आणि मराठवाड्यातल्या उन्हात दुपारच्या सुट्टीपर्यंत ठेवू नका, सकाळच्या सुट्टीतच खायला सांगा.