घुशीचें नांव आणि पिशवींतलीं पिलें

वर्धा जिल्ह्यांत घूस ठाऊक नाहीं असा शेतकरी विरळा. धुऱ्याखालीं बीळ करून धान्य सांठविणारा हा मोठा उंदीरच होय. तेलुगू भाषेंत हिला 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर, म्हणतात. त्यावरून इंग्रजांनीं 'बँडिकूट' हा शब्द केला. आणि पुढें ऑस्ट्रेलियांत तसाच माती उकरणारा प्राणी दिसला, तेव्हां त्यासही तेंच नांव दिलें.

परंतु नांव एक म्हणून कूळ एक होत नाहीं. घुशीचीं पिलें सुमारें तीन आठवडे आईच्या उदरांत वाढतात. तो बँडिकूट मात्र कांगारूप्रमाणें शिशुधान, म्हणजे मादीच्या पोटावर पिशवी असलेला प्राणी. त्याच्या कांहीं जातींचें पिलूं अवघ्या साडेबारा दिवसांत जन्मतें. लांबी जेमतेम १ सेंटिमीटर. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहींत. तें सरपटत पिशवींत शिरतें, स्तनाग्र तोंडांत धरतें आणि सुमारें ५० दिवस तेथेंच वाढतें. उदरांत राहिलेली वाढ अशी दुधावर पुरी होते. कांगारूची पिशवी पुढें उघडते, बँडिकूटची मागें. म्हणून आई उकरीत असतां पिलांवर माती पडत नाहीं.

ह्या जन्मास अपुरा म्हणणें योग्य नव्हे. तो संगोपनाचा निराळा मार्ग आहे. पण युरोपीयांनीं नेलेल्या मांजरा-कोल्ह्यांनीं ह्या प्राण्याच्या कित्येक जाती विरळ केल्या. वराहपाद बँडिकूट तर विसाव्या शतकांत नामशेषच झाला. आमची घूस सुखरूप आहे; तिचें नांव घेणारा तेवढा संकटांत आहे.