पाण्याखालचे माहेर

श्रोतेहो, माहेर या शब्दात जेवढा ओलावा साठलेला आहे, तेवढा मराठी भाषेतील फार थोड्या शब्दांत असेल. आईवडील निवर्तले, भाऊ दूरदेशी गेले, घराला कुलूप लागले, तरी माहेरची वाट म्हणून एक वाट असतेच. ती वाट जेथे संपते, तेथे निदान एक उंबरठा तरी असतो. परंतु ज्या स्त्रीचा तो उंबरठाच वर्षातील अकरा महिने पाण्याखाली असतो, तिने माहेरी जावे म्हणजे कोठे जावे?

पुण्यास राहणाऱ्या एका दांपत्याची ही हकीकत आहे. गृहस्थ पाटबंधारे खात्यात अभियंता होते व काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पत्नीचे माहेर गोमंतकातील सांगे तालुक्यातल्या कुर्डी या गावी. कोणी त्यांना माहेर विचारले, तर त्या एवढेच सांगत, ‘मोगूबाईंच्या गावची मी.’ उत्तर चुकीचे नव्हते. अल्लादियाखाँसाहेबांच्या थोर शिष्या मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म 1904 साली याच गावी झाला, आणि मोगूबाई व त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांचे गाणे ज्यांनी ऐकले, त्यांना कुर्डीचे नाव अपरिचित नाही. पण त्या उत्तरात एक सोयही होती. मोगूबाईंचे नाव निघाले की ऐकणारा गाण्याविषयी बोलू लागे, आणि गावाविषयीचा पुढचा प्रश्न टळे.

तो पुढचा प्रश्न असा की, ते गाव आता आहे कोठे? 1961 साली गोवा मुक्त झाला. पुढे दक्षिण गोव्याला पिण्यासाठी, शेतीसाठी व कारखान्यांसाठी पाणी मिळावे, म्हणून जुवारीला मिळणाऱ्या साळावली नदीवर धरण बांधण्याचे ठरले. कुर्डी हे त्या धरणाच्या पोटात येणाऱ्या गावांपैकी एक. भातशेती, नारळीपोफळी, आंबे, फणस आणि काजू यांनी भरलेले हे गाव. सुमारे 3,000 लोकांची वस्ती. हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान शेजारी शेजारी नांदत. तुमचे गाव बुडेल, पण त्यामुळे अवघ्या दक्षिण गोव्याचे कल्याण होईल, असे गावकऱ्यांना सांगण्यात आले. त्यांना जमिनी व नुकसानभरपाई मिळाली, आणि वाडे व वालकिणी येथे नव्या वसाहती वसल्या. 1986 च्या सुमारास पाणी चढले व कुर्डी दिसेनाशी झाली. मात्र दर उन्हाळ्यात जलाशय ओसरतो आणि मे महिन्यात गाव पुन्हा उघडे पडते. पावसाळा सुरू झाला की पुन्हा बुडते.

या बाईंच्या वडिलांनी घर सोडले ते 1982 साली. त्या वेळी त्या पंधरा वर्षांच्या होत्या व शिक्षणासाठी मडगावला मामांच्या घरी राहत होत्या. सुटी लागण्यापूर्वी वडिलांचे पत्र आले की, आता कुर्डीस न येता थेट वाडे येथील नव्या घरी यावे. त्या तशा गेल्या. घर रिकामे होताना त्यांनी पाहिले नाही, शेवटचा दिवा लावला नाही, तुळशीला नमस्कार केला नाही. जे घर सोडताना मनुष्य दोन टिपे गाळतो, ते घर त्याला सुटते. ज्याचा निरोपच घेतला नाही, ते सुटत नाही. लग्न होऊन पुण्यास आल्यावर त्या वाडे येथे जात, पण त्या घराला त्या ‘दादाचे घर’ म्हणत. माहेर हा शब्द त्यांनी त्या घराला कधी लावला नाही. त्यांचे बंधू दर वर्षी कळवीत, ‘बाय, यंदा तरी मेमध्ये ये. कुर्डी वर आली आहे.’ यांचे उत्तर ठरलेले असे. कधी मुलांच्या परीक्षा, कधी पापडकुरडया, कधी उन्हाचा त्रास.

यजमानांनीही आग्रह कधी केला नाही. त्यालाही कारण होते. त्यांची सारी नोकरी धरणे व कालवे यांत गेली होती. कोरड्या रानात पाटाचे पहिले पाणी खेळताना पाहून शेतकऱ्याच्या डोळ्यांत उभे राहिलेले पाणी त्यांनी पाहिले होते. त्या कामाचा त्यांना अभिमान होता, आणि तो अस्थानी नव्हता. पण घरात धरणाचा विषय निघाला की पत्नी उठून आत जात. पस्तीस वर्षांच्या संसारात या एका बाबतीत दोघांनी मौनाचा करार केला होता. असे करार पुष्कळ घरांत असतात, आणि त्यांवर संसार सुखाने चालतोही.

एका मे महिन्यात हा करार अकस्मात मोडला. ज्या मोटारीतच निजण्याची, स्वयंपाकाची व हातपाय धुण्याची सोय असते, तिला हल्ली कॅरव्हॅन म्हणतात. त्यांच्या मुलाने तशी एक गाडी चार दिवसांसाठी भाड्याने ठरवली होती, पण ऐन वेळी त्याच्या मुलीला ताप आला. पैसे भरलेले आणि गाडी दारात उभी. मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुम्ही दोघे तरी महाबळेश्वरला जाऊन या.’ त्याच सकाळच्या वर्तमानपत्रात उघड्या पडलेल्या कुर्डीचे छायाचित्र आले होते. तडकलेली जमीन, चिऱ्याच्या भिंतींचे अवशेष आणि माडांचे बुंधे. पत्नी ते चित्र बराच वेळ पाहत होत्या. मग त्यांनी चष्मा काढून ठेवला व त्या म्हणाल्या, ‘अहो, महाबळेश्वर नको. कुर्डीला जाऊ या.’

गृहस्थांनी का, कसे, आताच का, असे काही विचारले नाही. त्यांनी गाडीची पाण्याची टाकी भरली, शेगडी तपासली आणि तासाभरात दोघे निघाले. बरोबर दोन पिशव्या, पोळ्यांचा डबा, लोणचे आणि चहासाखर. साठीच्या घरातील माणसे औषधांची यादी केल्यावाचून घराबाहेर पडत नाहीत. ही दोघे औषधे घेऊन पण यादी न करता निघाली, यावरूनच त्या निघण्यातील घाईची कल्पना यावी.

कात्रज मागे पडला, खंबाटकीचा घाट चढून झाला, सातारा गेले, कऱ्हाडला कृष्णाकोयनेचा प्रीतिसंगम डावीकडे राहिला. कोयनेचे नाव निघताच गृहस्थ सवयीने धरणाविषयी सांगू लागले आणि अर्ध्या वाक्यावर थांबले. तेव्हा पत्नीच म्हणाल्या, ‘सांगा ना. तिथली माणसे कुठे गेली?’ गृहस्थांनी सांगितले की, कोयनेच्या खोऱ्यातील कित्येक कुटुंबांना घाट उतरून परमुलखात जावे लागले. त्याच्याही आधी, 1921 मध्ये, मुळशीच्या मावळ्यांनी धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून सत्याग्रह केला, सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला, धरण झालेच. हे सारे त्यांना पाठ होते. पण आजवर ते इतिहास म्हणून पाठ होते. शेजारी बसलेल्या व्यक्तीचा त्याच्याशी काही संबंध आहे, हे त्या दिवशी प्रथमच त्यांच्या बोलण्यात जाणवले.

निपाणीहून आजऱ्याच्या वाटेने आंबोलीस पोचेपर्यंत अंधार पडला. हिरण्यकेशी जेथे उगम पावते, त्या गावात गाडी उभी करून त्यांनी खिचडी शिजवली. घाटमाथ्यावरील गार वारा गाडीच्या खिडकीतून येत होता. त्या रात्री पत्नींनी पतीला आपले घर सांगितले. ओसरी कोणत्या दिशेला होती, न्हाणीघरातला तांब्याचा हंडा केवढा होता, पावसाळ्यात शेतातले पाणी वाढले की बेडकांच्या ओरडण्याने झोप कशी येत नसे. पस्तीस वर्षांत न सांगितलेले घर एका रात्रीत सांगून झाले.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून, सावंतवाडी व पणजी मागे टाकून, मडगावहून ते सांग्याच्या बाजूस वळले. वाटेत वाडे येथे बंधू गाडीत बसले. जलाशयाच्या कडेशी पक्का रस्ता संपला. गाडी तेथेच ठेवून तिघे चालू लागली. पायांखाली भेगाळलेला चिखल, वर मेचे ऊन. दुरून सोमेश्वराचे देऊळ दिसत होते. मे महिन्यात येथे जुने गावकरी जमतात. ख्रिस्ती मंडळी आपल्या चॅपेलच्या फेस्तासाठी येतात, हिंदू आपल्या देवाच्या उत्सवासाठी येतात. त्या दिवशीही बरीच मंडळी आली होती. पडक्या भिंतीच्या सावलीत बसलेल्या एका वृद्धेने या बाईंकडे निरखून पाहिले आणि चाळीस वर्षांपूर्वीच्याच सुरात विचारले, ‘आयली गो तूं?’ त्या एका प्रश्नाने बाईंचे सारे अवसान गळाले. त्या तिच्या शेजारी बसल्या व मनमोकळ्या रडल्या. वृद्धेने त्यांना रडू दिले. तेथे येणाऱ्या पुष्कळांना पहिल्या वर्षी हे होते, असे ती नंतर म्हणाली.

घराचे जोते सापडले. भिंती गुडघ्याएवढ्या उरल्या होत्या. ओसरीच्या पायऱ्या होत्या, दार नव्हते. समोर तुळशीवृंदावन होते. त्याचा गिलावा गेला होता, पण चिरे जागचे हलले नव्हते. बाई परत गाडीकडे गेल्या, पुण्याहून भरून आणलेल्या टाकीतले तांब्याभर पाणी त्यांनी घेतले, आणि तेवढी वाट तुडवून येऊन ते वृंदावनात घातले. गृहस्थांना राहवले नाही. ते हळूच म्हणाले, ‘अगं, अकरा महिने ती पाण्यातच असते.’

‘असते,’ बाई म्हणाल्या, ‘पण ते तिला कोणी घातलेले नसते.’

यावर अभियंत्यापाशी उत्तर नव्हते. नोकरीत असताना प्रकल्पाच्या कागदांवर ‘बुडीत क्षेत्र’ म्हणून एक रकाना असे. त्यात हेक्टरचे आकडे भरावे लागत, आणि त्यांनी ते आयुष्यभर अचूक भरले होते. घरे किती, विहिरी किती, झाडे किती, यांचीही मोजदाद होई. त्या मोजणीत लबाडी नव्हती. पण विहीर कोणाची, ओसरीवर कोण बसत असे, कोणत्या बांधावरून शाळेला जायची वाट होती, हे विचारणारा रकाना कोणत्याच कागदात नव्हता.

त्यांनी खिशातील वही काढली आणि ते पावलांनी जोती मोजू लागले. उत्तर दिशा ठरवली, प्रमाण ठरवले, आणि एकेक घर कागदावर मांडू लागले. हा काय प्रकार आहे म्हणून माणसे गोळा झाली. मग एकजण सांगू लागला, हे आमचे. त्याच्या पलीकडचे अमक्याचे. ही विहीर साऱ्या वाड्याची. भिंतीच्या सावलीतली ती वृद्धाही उठून आली व दोन घरांची अदलाबदल तिने दुरुस्त करून दिली. ‘भावोजी, आमचे फणसाचे झाड राहिले,’ असे मेहुण्यांनी म्हणताच तेही दाखल झाले. सूर्य कलेपर्यंत वाड्याचा नकाशा तयार झाला. अनेक वर्षांच्या नोकरीत त्यांनी कितीतरी नकाशे काढले असतील. पण आधी घराचा धनी विचारून मग रेघ ओढावी, असा हा पहिलाच.

परतताना ते धरणाजवळ थांबले. कुर्डीचे कदंबकालीन महादेव मंदिर बुडू नये म्हणून पुरातत्त्व खात्याने त्याचे चिरे एकेक उतरवून, सुमारे 17 किलोमीटर दूर नेऊन, येथे पुन्हा जसेच्या तसे रचले आहे. त्या कामाला 11 वर्षे लागली. बाईंनी देवाला नमस्कार केला. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, ‘देवाला दुसरे घर बांधून दिले, ते बरे झाले. पण त्याच्या शेजाराला मात्र इकडे येता आले नाही.’ गृहस्थांनी खालच्या जलाशयाकडे पाहिले. मडगावला मामांच्या घरी आता ज्या नळाला पाणी येते, त्या नळाचा विचार त्यांच्या मनात आला असेल. धरण चुकले असे ते म्हणाले नाहीत, आणि पत्नीनेही त्यांच्याकडून ते वदवून घेतले नाही. हजारो घरांची तहान खोटी नसते, तशीच एका घराची तुळसही खोटी नसते. दोन्ही खऱ्या असल्या म्हणजे त्यांतील एक विसरून दुसरीची गोडी गाऊ नये, एवढेच शहाण्या माणसाच्या हाती राहते.

पुण्यास परतल्यावर त्यांनी नकाशाच्या प्रती काढून वाडे व वालकिणी येथे पाठवल्या. जूनमध्ये पाऊस आला आणि कुर्डी पुन्हा पाण्याखाली गेली. त्यानंतर एकदा कोणीतरी बाईंना माहेर विचारले. या वेळी त्यांनी मोगूबाईंचे नाव घेतले नाही. त्या म्हणाल्या, ‘माझे माहेर कुर्डी. पाण्याखाली आहे, पण मे महिन्यात यायचे असेल, तर आमच्याकडे नकाशा आहे.’

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांचे गाव कोठेतरी मागे राहिलेले आहे. कोणाचे पाण्याखाली, कोणाचे खाणीच्या खड्ड्यात, कोणाचे नव्या इमारतींच्या आड. तेथे जाऊन ते परत मिळत नाही. परंतु राहिलेला निरोप मात्र घेता येतो, आणि आपण ज्याच्याबरोबर आयुष्य काढले, त्याला आपल्या गावाची वाट दाखवता येते. त्यासाठी वेळ काढून जाईन म्हणणाऱ्याचा मे महिना निघून जातो. गाडी दारात उभी असेल, तर महाबळेश्वर पुढच्या वर्षीही जागच्या जागी सापडेल. आपले गाव आपल्याला ओळखणारी माणसे मात्र पुढच्या वर्षी असतीलच, असे सांगता येत नाही.