गाड्या कुठं सोडायच्या?

(पाचोऱ्याजवळच्या एका गावी दोन दिवसांच्या शिबिराआधी कार्यकर्त्यांपुढं केलेलं भाषण)



जेवणाचं ठरलं. मांडवाचं ठरलं. पाणी कोण भरणार, तेही ठरलं. आता राहिल्या गाड्या. कोणी म्हणेल, त्यात बोलायचं काय? माणूस गाडी आणील आणि दिसेल तिथं लावील. आम्हीही असंच म्हणत होतो. म्हणून तर आज बोलायची वेळ आली.

पूर्वी जत्रेला बैलगाड्या येत. गाडीवान आधी सावली बघे, पाणी बघे. मग बैल सोडी, जू खाली टेकवी, बैलांपुढं वैरण टाकी. गाडी आडवी आली तर चार जण लागत आणि ढकलून बाजूला घेत. मोटारीचं तसं नाही. तिला कुलूप असतं. किल्ली मालकाच्या खिशात आणि मालक मांडवात. ती जिथं उभी राहिली, तिथं राहिली.

आपल्या मुलखाला मोठे मेळे नवे नाहीत. डिसेंबर 1936 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, फैजपूरला, काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. खेड्यात भरवा, असा गांधीजींचा आग्रह होता. पंडित नेहरू अध्यक्ष होते. बांबूंचं एक नगरच उभं केलं आणि त्याला टिळकनगर नाव दिलं. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी ते सजवलं. एवढं मोठं काम खेड्यात झालं. मग आपल्या दोन दिवसांच्या शिबिराला घाबरायचं कारण नाही. पण आधी विचार करायला हवा.

मागच्या एका शिबिरात आम्ही तो केला नाही. जागा छान होती. आमराई, गार सावली, जवळ विहीर. आमराईत वीस मोटारी मावतील, असा अंदाज केला. आल्या पन्नास. शिवाय दोनशे मोटारसायकली आणि चार ट्रॅक्टर. गावात जायला एकच गाडीवाट. जागा संपली तशा लोकांनी वाटेच्या दोन्ही अंगांना गाड्या लावल्या. आम्ही पाहिलं, पण कोणाला हटकलं नाही. पाहुण्यांना काय बोलायचं, असं वाटलं.

दुपारी जेवणाची पंगत बसली होती. पुढच्या वस्तीवर एका बाईला कळा सुरू झाल्या. घरच्यांनी 108 ला फोन केला. गाडी वेळेवर आली, पण फाट्यावरच अडली. आम्ही भोंग्यावरून मोटारींचे नंबर पुकारले. कोणी हात धुवायला गेलेलं, कोणी झाडाखाली झोपलेलं. शेवटी चौघांनी बाईला बाजेवर घातलं आणि उन्हातून अर्धा मैल चालत नेलं. देवाची दया, बाई आणि बाळ दोघं सुखरूप राहिले. संध्याकाळी तिचे सासरे आले. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "भाऊ, तुम्ही लोकांना वाचायला शिकवता. वाट मोकळी ठेवायला कोणी शिकवायचं?"

आम्ही खाली मान घातली.

तर या खेपेला आधी हिशेब करू. आपल्याला गुंठा माहीत आहे. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद. मोटार उभी राहायला जागा लागते, तशी तिला आत यायला आणि वळायलाही लागते. ती सगळी धरली, तर एका गुंठ्यात चार मोटारी सुखानं राहतात. पाचही बसतील, पण मग दार उघडताना भांडण होईल. मोटारसायकली गुंठ्याला पंचवीस धरा. ट्रॅक्टरला ट्रॉली असेल तर दोनांना एक गुंठा द्या. ट्रॉली मागं घेणं किती जिकिरीचं, ते ट्रॅक्टरवाल्या भावांना विचारा. तिला एका बाजूनं आत आणि दुसऱ्या बाजूनं सरळ बाहेर जाता आलं पाहिजे.

आता मागचीच गोष्ट घ्या. वीस मोटारी आमराईत. उरल्या तीस, त्यांना आठ गुंठे. दोनशे मोटारसायकलींना आठ. चार ट्रॅक्टरांना दोन. झाले अठरा. वीस धरा, म्हणजे अर्धा एकर. अर्ध्या एकरासाठी एवढी फजिती झाली! शेजारी किती रान मोकळं पडलं होतं.

किती गाड्या येतील, ते आधी कसं कळणार? विचारल्यानं कळेल. प्रत्येक गावच्या वर्गाला चिठ्ठी लिहा. किती जण येणार, कशानं येणार? पाचोऱ्याला मुंबई-भुसावळ मार्गाचं स्टेशन आहे, एसटीचा स्टँड आहे. जे रेल्वेनं किंवा एसटीनं येतील, त्यांना आणायला दोन गाड्या पाठवू. तेवढ्याच मोटारी कमी होतील.

मग जागा बघायला चला. रस्त्यावरून बघू नका, शेतात पायी फिरा. आपली जमीन काळी. कोरडी असली तर दगडासारखी, आणि एक सर पडली की चाक रुतलंच. माघात कधी कधी अवकाळी येतो. म्हणून मुरमाची दुसरी जागाही हेरून ठेवा. शाळेचं पटांगण चालेल, पण आधी गुरुजींना विचारा. कापूस वेचून झालेलं शेत मोकळं दिसतं, पण पऱ्हाटी नुसती कापली असेल तर खाली अणकुचीदार खुंट राहतात. टायर फाटलंच म्हणून समजा. ज्वारीची धसकटंही तशीच. वाळलेलं गवत असेल तर काढा. चालून आलेल्या मोटारीचं धुरांडं फार तापलेलं असतं, त्यानं गवत पेटतं. कडब्याच्या गंजीजवळ तर एकही गाडी नको. आणि विहीर बघा. कठडा नसलेली विहीर रात्री दिसत नाही. तिच्याभोवती बांबू बांधा आणि कंदील किंवा दिवा लावा.

जागा दूर असली तर? नाशिकला 2015 च्या सिंहस्थात लोकांच्या गाड्या शहराबाहेरच थांबवल्या आणि पुढं एसटीनं नेलं. गर्दी आवरायला ते बरं होतं. पण पहिल्या पर्वणीला भाविकांना फार चालावं लागलं, अशी तक्रार झाली. पंढरपूरला चंद्रभागेच्या पलीकडं 65 एकर जागा वारकऱ्यांच्या तंबूंसाठी राखली आहे. तिथं प्लॉट पाडून दिंड्यांना देतात, म्हणजे कोणी कुठं उतरायचं यावरून वाद नाही. यातून आम्ही आपल्यापुरतं असं ठरवलं आहे. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आणि सामान मांडवापाशी उतरवायचं. मग गाडी शेतात न्यायची. धडधाकट माणसानं दहा मिनिटं चालावं. लोकांना ट्रॉलीत कोंबून मात्र आणायचं नाही.

गाडीवाटेवर दोन्ही दिवस एकही गाडी उभी राहणार नाही. सरपंचांची नाही, पाहुण्यांची नाही, आमचीही नाही. फाट्यावर दोन जण आणि शेताच्या तोंडाशी दोन जण पाळीनं उभे राहतील. त्यांना जेवण जागेवर पोचवा, नाहीतर पंगतीच्या वेळी नेमके तेच गायब होतात.

पाट्या आपल्या वर्गातल्याच लोकांनी लिहायच्या. अक्षर वीतभर उंच असू द्या. 'गाड्या इकडे.' 'वाट मोकळी ठेवा.' आणि खाली बाण. बाण नीट काढा बरं का! एकदा एका पाटीवर अक्षर सुरेख होतं, पण बाण उकिरड्याकडं गेला होता. तीन मोटारी तिकडं गेल्या.

या खेपेला शेत मिळालं आहे. मालकीणबाई आपल्याच वर्गात येतात. सगळे त्यांना आजी म्हणतात. आम्ही त्यांना म्हटलं, तोंडी नको, चिठ्ठी करू. दोन दिवस गाड्या ठेवायच्या, बांध मोडायचा नाही, कचरा आम्ही उचलायचा, नुकसान झालं तर आम्ही भरायचं, असं त्यात लिहिलं. आजींनी चिठ्ठी हातात घेतली आणि बोट ठेवून सावकाश वाचली. मग म्हणाल्या, "माझी बोर राहिली." बांधावरच्या बोरीखाली कोणी गाडी लावायची नाही, ही अट त्यांनी घालायला लावली. ती लिहिल्यावरच सही केली. चिठ्ठीच्या दोन प्रती आहेत. एक त्यांच्याकडं, एक आमच्याकडं.

शेतात पऱ्हाटीचे खुंट अजून आहेत. उद्या सकाळी सातला पंधरा माणसं लागतील. चिमटे आणि कुदळी घरून आणा. उपटलेले खुंट सरपणाला आजींच्या अंगणात टाकायचे आहेत.