पोरगं मुंबईत एकटं नाही

गटाच्या बैठकीनंतर एका ताईंनी हळूच विचारलं, "पोरगा म्हणतो, मला पुरुषच आवडतात. मुंबईला गेलाय. तिथं त्याचं कसं व्हायचं?"

ताई, हा आजार नाही, कुणाची करणीही नाही. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दोन सज्ञान माणसांचं राजीखुशीचं असं नातं गुन्हा नाही.

मुंबईत १९९४पासून 'हमसफर ट्रस्ट' ही संस्था अशा लोकांसाठी काम करते. तिथं समुपदेशन होतं, एचआयव्हीची तपासणी होते, आपल्यासारखी माणसं भेटतात. अशा मुलामुलींच्या पालकांचाही 'स्वीकार' नावाचा गट आहे. एका आईला दुसऱ्या आईशी मोकळं बोलता येतं. पण मुंबईतही टोमणे असतात, खोली मिळायला अडचण येते. म्हणून पोराला घरचा आधार लागतोच.

एक मात्र करू नका. 'लग्न केलं की सुधारेल' म्हणून त्याला बोहल्यावर चढवू नका. त्यात दुसऱ्याची लेक जन्मभर भरडली जाते.

मन फार जड झालं, तर १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर बोला. तुम्हीही आणि तोही. आणि दिवाळीला त्याला घरी बोलवा. लग्नाचा विषय न काढता पोटभर जेवू घाला.