चिऱ्यातले लोखंड आणि पिंपातले पाणी



युनियनच्या माणसाने रसायनशास्त्रावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. मुलांची जुनी क्रमिक पुस्तके रात्री वाचून जे कळले, तेच येथे सांगणार आहोत.

आपल्या चिरेखाणीतला जांभा घ्या. बुकॅनन या स्कॉटिश अधिकाऱ्याने 1807 साली मलबारातल्या अशाच दगडाला विटेच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. शतकानुशतकांच्या पावसाने खडकातला चुना आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. हे ऐकून मान डोलवू नका, पडताळून पाहा. चिऱ्याची भुकटी हायड्रोक्लोरिक आम्लात काही वेळ तापवा. पिवळसर द्रव गाळून घ्या. त्यातल्या थोड्यात पोटॅशियम फेरोसायनाइडचा थेंब टाका, गर्द निळा रंग उमटेल. ते लोहाचे आयन. उरलेल्यात कॉस्टिक सोडा भरपूर घाला. तांबूस साका खाली बसेल; ॲल्युमिनियम मात्र वरच्या निवळीत विरघळलेले राहील. ती निवळी गाळून थेंब थेंब आम्ल घाला, म्हणजे पांढरा चिकट साका दिसू लागेल. आम्ल जास्त झाले तर तो पुन्हा नाहीसा होतो, तेव्हा हात सांभाळून. आणि याच द्रवात क्लोराइड शोधत बसू नका. ते आपणच आम्लातून घातलेले असते!

क्लोराइडची परीक्षा याहून सोपी. पाण्यात थोडे नायट्रिक आम्ल आणि मग सिल्व्हर नायट्रेट घातले की दह्यासारखा पांढरा साका येतो. अमोनियात तो विरघळतो. नायट्रिक आम्ल आधी घालायचे कारण असे की कार्बोनेटही पांढरा साका देते. आम्लाने ते निघून जाते. परीक्षानळी मात्र शुद्ध पाण्याने धुवावी. खाडीकाठच्या विहिरीच्या पाण्याने धुतली, तर उत्तर आधीच ठरलेले!

आता पिंपाची गोष्ट. एका कारखान्यात चिठ्ठी नसलेल्या पिंपातले पाणी सांडून आमच्या एका सोबत्याचा हात भाजला. साहेब म्हणाले, मिठाचे पाणी आहे. एका शिक्षकाने सिल्व्हर नायट्रेट घातले, तर पांढरा साका! साहेब खूश झाले. परंतु ही परीक्षा क्लोराइड आयन ओळखते, त्याचा जोडीदार कोण हे सांगत नाही. मिठातही तो आहे, हायड्रोक्लोरिक आम्लातही आहे. मग निळा लिटमस बुडवला, तो लाल झाला. खाण्याचा सोडा टाकला, तो फसफसला. मिठाच्या पाण्याने यातले काहीही होत नाही.

आम्ल किती तीव्र होते, हे या परीक्षांनी कळत नाही. त्यासाठी मोजमाप लागते. आम्हांला तेवढ्याचीही गरज पडली नाही. त्या दोन नळ्या टेबलावर ठेवून आम्ही एवढेच मागितले की, प्रत्येक पिंपावर आतल्या द्रवाचे नाव मराठीत लिहावे. तिसऱ्या बैठकीत ते मान्य झाले.