रस्त्यावरचे मेलेले हरीण आणि आपले शील
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





मी काही पंडित नाही. गिरणीत मशीनवर उभा राहून आणि रात्री दिव्याखाली वाचून जेवढे समजले तेवढेच माझे शिक्षण. तेव्हा मोठ्या विषयावर न बोलता, दोन महिन्यांपूर्वी आपल्या वस्तीत जो वाद झाला त्यावरच चार शब्द बोलणार आहे. तो वाद हरणावरून झाला, पण माझ्या मते तो हरणापुरता नव्हता.

आपल्या वस्तीपुढून जाणारा रस्ता जंगलाच्या कडेने जातो. पहाटे कोण्या ट्रकने चितळाला उडवले. मादी होती. जागीच मेली. उजाडताच पंधरा-वीस माणसे जमली आणि तीन मते पडली. एक जण म्हणाला, "रात्रीच मेलं, ताजं आहे. सोडून देलं तर कुत्रेच खातीन." दुसरा म्हणाला, "मेलेलं जनावर उचलायचं काम आपण कधीचंच सोडलं. पडू द्या, सरकार पाहून घेईल." तिसरा म्हणाला, "वनखात्याला फोन करा अन् इथंच थांबा." शेवटी तिसऱ्याचे ऐकले गेले. पण पहिल्या दोघांना उत्तर काही मिळाले नाही, आणि दोघेही आपलेच आहेत.

पहिल्याचे म्हणणे घेऊ. तो शिकलेला मुलगा आहे. त्याने मला बुद्धवचनाचाच दाखला दिला. जीवक सुत्तात भगवंतांनी सांगितले आहे की, जे मांस आपल्यासाठी मारल्याचे पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, ते भिक्षूला चालते. मग हे हरीण तर आमच्यासाठी कोणीच मारले नाही, काका, यात पाणातिपात कुठे आला? प्रश्न बिनतोड आहे. पहिले शील इथे मोडत नाही, हे मी मान्य करतो. पण मित्रहो, पंचशीलात दुसरेही शील आहे. अदिन्नादाना वेरमणी. जे दिलेले नाही ते घेणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे मेलेले सापडलेले रानजनावर सरकारच्या मालकीचे असते. ज्याच्या ताब्यात ते येईल त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनअधिकाऱ्याला कळवले पाहिजे. नुसते मांसच नाही, शिंग आणि कातडे ठेवणे हासुद्धा गुन्हा आहे. गाडीखाली मेले म्हणून ते बेवारस होत नाही. सरकारची मालमत्ता म्हणजे तुमची-आमची सगळ्यांची. ती एकट्याने घरी नेणे म्हणजे न दिलेले घेणे. वरून ते जनावर आधीच आजारी होते की काय, पोटात काय फुटले, हे बाहेरून कोणाला दिसते?

आणि आपल्यासाठी त्याहून मोठी गोष्ट आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा म्हणून सांगितले. तो आहाराचा उपदेश नव्हता, माणूसपणाचा होता. आपल्या आज्या-पणज्यांनी अर्धपोटी राहून तो पाळला. त्या उपाशी राहिल्या म्हणून आज आपण ताठ मानेने बसलो आहोत. पोट भरलेले असताना आपण रस्त्यावरचे मेलेले उचलून चुलीवर ठेवायचे, हे त्या माऊल्यांच्या उपासाला शोभत नाही.

आता दुसऱ्याचे म्हणणे. ते मला जास्त लागले, कारण त्यात स्वाभिमान आहे आणि तो खरा आहे. मेलेली गुरे ओढण्याची सक्ती आपल्या समाजाने शेकडो वर्षे सोसली. ती सोडली तेव्हा लोकांनी हिशेब मांडला, की कातड्याचे, शिंगांचे एवढे उत्पन्न बुडेल. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात त्याचा समाचार घेतला. एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. हा प्रश्न अजून संपलेला नाही. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना उघड्या रस्त्यावर मारले. त्यानंतर तिथल्या समाजाने मेलेली गुरे सरकारी कचेरीपुढे नेऊन टाकली आणि हे काम बंद केले. मार खाल्लेल्या कुटुंबाने २०१८ मध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हा "हे आमचे काम नाही" या वाक्यामागे रक्त सांडलेले आहे, हे मी विसरत नाही.

परंतु बाबासाहेबांनी आपल्याला काय सोडायला लावले? वेठ सोडायला लावली. जातीने लादलेले काम सोडायला लावले. करुणा सोडायला लावली नाही. गावाने दारात येऊन "चला रे, ओढा" म्हणणे वेगळे, आणि स्वतंत्र नागरिकाने स्वतःच्या बुद्धीने रस्त्याच्या कडेला उभे राहणे वेगळे. पहिल्यात हुकूम आहे, दुसऱ्यात शील आहे. आपल्या विहारावरचे धम्मचक्र पाहा. त्याच्या दोन्ही बाजूंना हरणे बसली आहेत. कारण भगवंतांनी पहिला उपदेश सारनाथच्या मृगदावात, हरणांच्या वनात केला. ज्याने हरणाला धम्माच्या शेजारी जागा दिली, त्याच्या अनुयायाने हरणाच्या प्रेतावरून चौथी गाडी जाऊ द्यायची का?

म्हणून पुढच्या वेळी काय करायचे ते स्पष्ट सांगतो. आधी रस्त्यावरच्या माणसांचा जीव. लांबून दिसेल असे कोणी उभे राहून गाड्या हळू करा. जनावर जिवंत असेल तर गर्दी करू नका, पाणी पाजायला धावू नका, कवेत घेऊ नका. हरीण भीतीनेच दगावते. कुत्री हाकला आणि लांब उभे राहा. लगेच १९२६ या वनखात्याच्या नंबरवर किंवा आपल्या वनरक्षकाला फोन करा. मेलेले असेल तर होता होईतो हात लावू नका, ते लोक येऊन पंचनामा करतात, डॉक्टर शवविच्छेदन करतो, मग अधिकाऱ्यांसमोर जाळतात किंवा पुरतात. मात्र ते रस्त्यावर तासन्‌तास पडू देऊ नका, पाठपुरावा करा. कारण ते खायला कोल्हा येतो, बिबट्या येतो आणि तोही गाडीखाली जातो. एका मरणातून दुसरे मरण निघते.

आणि चळवळीतला माणूस म्हणून एक सांगतो. जे कराल ते कागदावर ठेवा. किती वाजता पाहिले, कोणी फोन केला, कोण आले, दोन साक्षीदार कोण. मेलेल्या रानजनावराजवळ गरीब वस्तीतला पोरगा उभा दिसला, की आधी संशय त्याच्यावरच येतो. वही असली की तोंड देता येते.

त्याच वहीतून उद्याची मागणीही निघते. आपल्याच जिल्ह्यात मनसर ते खवासा हा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तिथे जनावरांना खालून जाण्यासाठी नऊ ठिकाणी मार्ग बांधले आहेत, काही ५० मीटरचे, मोठा ७५० मीटरचा. त्यातून चितळ जातात, वाघही जातात, कॅमेऱ्यात दिसले आहेत. ते आपोआप नाही झाले. लोक बोलले, कोर्टात गेले, तेव्हा झाले. आपल्या रस्त्यावर किमान गतिरोधक आणि रात्रीचा वेग कमी करण्याची पाटी का नको? पण मागायला गेलो की साहेब विचारणार, किती मेली, कुठे मेली? तेव्हा उत्तर तोंडी देऊन चालत नाही.

म्हणून माझी सूचना आहे की विहारात ग्रंथालयाच्या कपाटाजवळ एक वही ठेवावी आणि तिची जबाबदारी युवक मंडळाने घ्यावी. खर्च वीस-तीस रुपयांचा आहे. समितीने ही सूचना आजच मंजूर करावी, एवढी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!